आयेच्या हातचा नारळ

प्रिय आये,

शनिवारी माझं विमान आहे. कुवेतचं! तू गेलीस त्याला अडीच महिने झाले आणि मुलाखतीचा निकाल तू गेल्यावर पंधरा दिवसांनी लागला. तेवढीसुद्धा कळ काढली नाहीस. सगळ्या गोष्टींत तुला घाईच.

निरोपाची पत्रं लिहायला मला खरं तर वेळ नाही, बॅग अजून उघडीच पडली आहे. पण परवा अंधेरीला एजंटच्या ऑफिसात मी एक खोटं बोलले. ते तुला सांगितल्याशिवाय माझ्याच्यानं विमानात बसवणार नाही. पाच वर्षांपूर्वी अशाच खोट्यावरून मी तुला नको ते बोलले होते आणि ते शब्द कधीच परत घेतले नाहीत. आठवतं ना? तुला न आठवून कसं चालेल!

तर आधी तुझी गोष्ट, मग माझी.

संपात आबांची गिरणी गेली आणि ते गावाला जाऊन बसले, ते बसलेच. मुलुंडचं आपलं घर तुझ्या आणि दादाच्या पगारावर आलं. तू भांडुपच्या औषध कंपनीत बाटल्यांना लेबलं लावायचीस आणि दादा एका शेडमध्ये वेल्डिंग करायचा. हात असा की मालकाचा शेजारी त्याला उसना मागायला यायचा. पण पगार? तो मालकाला आठवेल तेव्हा.

शेडमध्ये त्याचा दोस्त होता विलास. विलासचे मामा दळवी मस्कतला फोरमन होते. त्यांच्या कंपनीला सहा वेल्डर हवे होते. पण दळवी काही पेपरात जाहिरात देऊन माणसं नेणाऱ्यांतले नव्हते. रजेवर आले की घाटकोपरला त्यांच्या गावकऱ्यांच्या खोलीवर उतरायचे आणि तिथूनच पोरं निवडायचे. गावची खोली, गावची माणसं, भिंतीवर गावच्या देवीचा फोटो. विलास धरून पाच जण मिळाले होते. सहावा काही मिळेना.

खोली तर आपल्या वाडीचीही होती लोअर परळला. पण तिथून मस्कत पाहिलेला एकही नव्हता. मग कोण कुणाला नेणार? एक जण गेला की त्याच्या मागून दहा जातात. आपल्यातला तो एकच कधी गेला नव्हता.

विलास आपल्या दारात बसून दादाला म्हणाला, "यार सुधा, तुझ्यासारखा वेल्डर मामाला शोधून मिळायचा नाय. आडनाव कदम आहे ना? मग झालं! शेजारच्या गावचा म्हणून सांगतो. फक्त आठ दिवस खोलीवर राहा, मामा बघेल आणि पासपोर्ट घेऊन टाकेल."

आठ दिवस राहायचं कशाला, तर मस्कतला सहा जणांनी एका खोलीत राहायचं होतं. एका स्टोव्हवर, पाळीपाळीनं रांधून. वेल्डिंग दळवींनी एका दिवसात पारखलं असतं. त्यांना पारखायची होती ती पंगत.

आणि कोकणात आडनावावर कोण थांबतं? आपली नि त्यांची आडनावं सारखीच. त्यामुळे पुढचा प्रश्न ठरलेला, वाडी कुठची? बौद्धवाडी म्हटलं की बोलणं संपलं.

मग आपल्या घरात शाळा भरली आणि मास्तरीण तू! मला अजून नवल वाटतं, तुला त्यांच्या घरातलं एवढं सगळं कसं ठाऊक होतं? त्यांच्या अंगणाच्या कडेला उभं राहून लहानपणी जे कानावर पडलं, ते सगळं तू जपून ठेवलं होतंस. वाडी सांगायची मधली. देवी जुगाई. देवक कळंबाचं. सोमवारी मच्छीला हात लावायचा नाही. आणि जय भीम तोंडातून चुकून जाऊ द्यायचा नाही, राम राम म्हणायचं. दादा शर्टाची बटणं लावता लावता घोकत होता आणि तू मध्येच विचारत होतीस, "देवक?" तो म्हणायचा, "कळंब." एवढं त्याच्याकडून शाळेत कुणी घोकून घेतलं असतं तर तो कलेक्टर झाला असता.

मी चिडले होते. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, राखीव जागेवर शिकत होते आणि हॉस्टेलात ताठ मानेनं जात सांगत होते. म्हटलं, "ही काय नाटकं लावलीत? पकडला गेला तर?"

तू म्हणालीस, "तोंड गप ठेव गो. पोराचं नशीब उघडतंय, तू मधी आडवी पडू नको."

मी गप्प बसले. मस्कतचा पगार ऐकल्यावर माझाही ताठा जरा कमी झाला होता, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी दादा कपडे न्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. खोलीतला एक जण रोज काहीतरी विचारायचा. त्या दिवशी त्यानं विचारलं होतं, "मधल्या वाडीत म्हणजे वडाजवळचं घर काय रे तुमचं?" दादा हो म्हणून बसला होता. मधल्या वाडीत वड आहे की नाही हे त्या बिचाऱ्याला काय माहीत! तू हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलंस, डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "हाय. वड हाय." तेव्हा कुठे दादा पाणी प्यायला.

पण बाकी सगळं झकास चाललं होतं, आये. त्याच्या पाळीला त्यानं बांगड्याची आमटी केली तर दळवींनी दोनदा वाढून घेतली. "ह्या पोराला सोडून जायचा नाय," म्हणाले. आठ दिवस त्या खोलीतली माणसं तुझ्या पोराच्या हातचं जेवली आणि ढेकर देऊन झोपली.

पासपोर्ट दळवींनी घेतला. कागद निघाले. राहिला तो एकच रविवार.

परदेशी जाणाऱ्यांसाठी खोलीवर गाऱ्हाणं घालायची त्यांची रीत होती. प्रत्येकाच्या आईनं आपल्या हातानं देवीपुढे नारळ ठेवायचा, मग गावच्या पुजाऱ्यानं गाऱ्हाणं घालायचं. वडील नसले तर चालेल, पण नारळ आयेच्याच हातचा हवा.

तू नको म्हणालीस. आठवण करून देते, कारण हे मी नंतर सोयीनं विसरले होते. तू म्हणालीस, "मी नाय येत. ताप आलाय म्हणून सांगा." मीच म्हटलं, "सगळ्यांच्या आया येणार आणि आपलीच नाही? मग संशय येणार नाही का?" मीच तुला माझी बरी साडी नेसवली. नारळ कसा ठेवायचा, शेंडी देवाकडे कशी करायची, ते तू मला घरात दोनदा करून दाखवलंस. मला वाटलं, आता चुकायला काही उरलंच नाही.

खोली माणसांनी भरली होती. तू नारळ ठेवलास, अगदी बिनचूक. पुजारी भाऊ गुरव म्हणून होते, सत्तरीचे, मुलाकडे मुंबईला आलेले. त्यांनी एकेकाचं घर आणि वाडी विचारून घेतली. दादानं न अडखळता सांगितलं, "कदम, मधली वाडी." भाऊ गुरवांनी डोळे मिटून सुरुवात केली, "बा देवी म्हाराजा! आज ही तुजी लेकरां परमुलखात चाललीत. वाटेत काय वाकडं-तिकडं असंल ता बाजूला कर, हातापायाला यश दे आणि सुखरूप घराक आण गो म्हाराजा!" आणि सगळी खोली एका आवाजात, "व्हय म्हाराजा!"

मीही म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. दादानं माझ्याकडे बघून हळूच डोळा मारला, इतका तो मोकळा झाला होता.

मग प्रसाद आला. भाऊ गुरव खोबरं आणि गूळ वाटत एकेकासमोर येत होते. जो तो उजवा हात पुढे करत होता. तू दाराजवळ बसली होतीस, आत जागा होती तरी. ते तुझ्यासमोर आले तशी तू उठलीस, एक पाऊल मागे सरलीस, मान खाली घातलीस आणि पदर पसरलास.

आये, आणि त्यांचा हात! तो आपोआप वर गेला. वीतभर उंचावरून त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तुझ्या पदरात टाकला. तुझ्या पदराला बोट लागू न देता. दोघांनाही तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, दोघांचंही लक्ष नव्हतं. तुकडा पदरात पडल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

भाऊ गुरवांनी हळूच विचारलं, "बाय, तुमची वाडी नक्की खंयची?"

सगळे तुझ्याकडे बघत होते, मीसुद्धा. मग दादाच म्हणाला, "बौद्धवाडी. नारळ उचलून नेऊ काय?"

कुणी शिवी दिली नाही की हाकललं नाही. दळवी तर आपल्याला खाली रस्त्यापर्यंत सोडायला आले. म्हणाले, "सुधाकर, तुझं काम एक नंबर आहे. माझं काय नाय रे. पण तिकडे सहा माणसं एका स्टोव्हवर जेवतात. बाकीच्यांचं बघावं लागतं ना." विलास त्यांच्या मागे उभा राहून चपलेनं माती उकरत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं शेडमध्ये दादाचा पासपोर्ट वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. खोलीतली भांडी चिंच लावून पुन्हा घासली, तेही त्यानंच सांगितलं. ते सांगायची काय गरज होती त्याला?

बसस्टॉपवर दादा आपल्यापासून लांब उभा राहिला. आणि मी तुझ्यावर तुटून पडले. लोक बघत होते तरी. "हात का नाही पुढे केलास? एवढा साधा हात? तीस वर्षं मुंबईत राहतेस, कंपनीत सगळ्या बायकांच्या डब्यातलं खातेस आणि तिथे भिकारणीसारखा पदर? सगळं तुझ्यामुळे झालं! दादाच्या आयुष्याची वाट लावलीस तू."

तुझ्या पदरात तो तुकडा तसाच होता. टाकावा की खावा हे तुला समजत नव्हतं. तू म्हणालीस, "हात पुढं जातच नाय गो. मी न्हानपणी देवळाच्या मागं उभी ऱ्हायची, ओचा पसरून. हात केला तर आजी मारायची. कंपनीत जातो हात. पण त्या बाबाचा आवाज ऐकला नि... मला कळलाच नाय."

मी तोंड फिरवलं. समजलं होतं मला, तेव्हाच समजलं होतं. पण राग कुठेतरी ठेवायचा होता आणि तू जवळ होतीस.

त्यानंतर त्या दिवसाचं कुणी नाव काढलं नाही. दादा त्याच शेडमध्ये राहिला. विलासचं मस्कतहून पत्र आलं की तो न वाचता खिशात घालायचा. तू कुणाच्या लग्नात गेलीस तरी डोकं दुखतंय सांगून जेवणाआधीच निघायचीस. एकदा मी तुला आपल्याच वस्तीतल्या बारशाला पेढा दिला, तर तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग मुद्दाम हात पुढे केलास. मला दाखवायला! तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं की नाही? चांगली समोर बसले होते. पण मी बोलले काय, तर "आटप, उशीर होतोय."

तू गेलीस तेव्हा विलास रजेवर आला होता. भेटायला आला, जड झालाय चांगला. दादा कामावर होता. चहा पिता पिता विलास मला म्हणाला, "शालू, एक सांगू? मामाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मीच सांगितलं होतं. मामा म्हणाला, कुणाला कळलं नाय तर माझी काय हरकत नाय, मला वेल्डर पायजे."

मी त्याच्या हातातला कप काढून घेतला, अर्धा प्यायलेला. एवढंच सुचलं मला.

म्हणजे बघ, माहीत असणं चालत होतं. फक्त ते चारचौघांत दिसायला नको होतं. आणि तो माणूस रस्त्यावर उभा राहून आपल्याला बाकीच्यांचं सांगत होता!

आता माझी गोष्ट.

कुवेतच्या हॉस्पिटलात आम्ही चौघी मुंबईच्या. तिथे चौघींना मिळून एक क्वार्टर आणि एकच स्वयंपाकघर. परवा कागदांसाठी अंधेरीला जमलो. आमच्यात सगळ्यांत मोठ्या देसाईबाई, चाळिशीच्या, स्वभावानं मोकळ्या. माझी फाइल बघून म्हणाल्या, "कदम? म्हणजे आमच्यातल्याच की गं तुम्ही! बरं झालं बाई. एका स्वयंपाकघरात राहायचं म्हणजे आधी विचारलेलं बरं असतं."

मी म्हटलं, "हो."

"देवी कुठली तुमची?"

"जुगाई," मी म्हटलं. "देवक कळंबाचं." न विचारता सांगितलं, आये! दादाकडून तू घोकून घेतलेला धडा, पाच वर्षांनी, माझ्या तोंडातून. घडाघडा.

आणि मला कसली भीती होती सांग? दादाला व्हिसासाठी लपवावं लागलं. माझी निवड मुलाखतीवर झाली होती, करार हॉस्पिटलशी होता, पासपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. देसाईबाईंनी काय केलं असतं? कुणी अडवणारच नव्हतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ती मी! वॉर्डात डॉक्टरांना उलट बोलणारी शालिनी कदम, हो म्हणून मोकळी झाली. घरी येताना मला कळलं की मी काही ठरवून बोललेच नव्हते. तोंड आपोआप बोललं होतं.

मग तुझा हात आठवला. आणि बसस्टॉपवरची मी आठवले.

आज तिकीट घ्यायला पुन्हा अंधेरीला गेले. जिन्यातच देसाईबाईंना थांबवलं आणि म्हटलं, "परवा मी खोटं बोलले. आम्ही बौद्ध. देवी आणि देवक मला पाठ आहेत, आमचे नाहीत."

त्यांनी आधी वरच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अगं, मला काहीच नाही त्याचं. पण बाकीच्या दोघींना काय वाटेल..."

"विचारू त्यांना? वरच बसल्यात. आत्ता, तुमच्यासमोर?"

"नको नको, तसं कशाला!"

मी वर जाऊन विचारलंच. एक खिडकीबाहेर बघायला लागली. दुसरी बोरिवलीची आहे, पोरसवदा, ती म्हणाली, "मला चहासुद्धा येत नाही हो. कुणीतरी करा म्हणजे झालं." मला हसू आलं आणि मग रडूच आलं. देसाईबाई दुसऱ्या क्वार्टरसाठी अर्ज करणार आहेत. खिडकीवालीचं अजून ठरायचंय. दोन वर्षं तिथे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक, पण तिकीट मिळालं आणि त्यावर नाव माझं आहे.

तिथून थेट दादाच्या शेडवर गेले. वेल्डिंगची काच बाजूला ठेवून तो बाहेर आला. विलासचं सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "दादा, आयेवर तुझा राग होता का रे?"

"होता," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणावर काढायची सोय नव्हती ना."

एवढं बोलून तो पुन्हा आत गेला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. वेल्डिंगनं होतात, असं म्हणाला. होतातही.

आये, तुझ्यामुळे काही झालं नव्हतं. तुला मीच तिथे नेलं आणि वर मीच तुला दोष दिला. पाच वर्षं तू माझ्यासमोर भाकऱ्या थापत होतीस आणि हे एक वाक्य माझ्याच्यानं बोलवलं नाही. आता कागदावर लिहितेय, तू वाचणार नाहीस. तुला वाचता येत असतं तरी आता काय!

पण वचन देते ते पाळायला मी जिवंत आहे. दादा बत्तीस वर्षांचा आहे, हात अजून तसाच आहे. तिथे जाऊन मी त्याच्यासाठी कंपन्यांची दारं ठोठावीन, आणि तो आला नाही तर वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला नेईन. आपल्यातलं कुणी आधी गेलेलं नव्हतं, आता मी आहे. आणि माझ्या ओळखीनं जो येईल, आपला असो नाहीतर त्यांचा, त्याला मी वाडी विचारणार नाही. काम येतं का, एवढंच विचारीन.

आणि तिथे कुणी मला विचारलं, आई कुठची तुझी, तर तुझं नाव, गावाचं नाव आणि वाडीचं नाव पहिल्याच वेळी सांगीन. जीभ अडखळेल, मला माहीत आहे. अडखळली तरी सांगीन.

तुझी भांडखोर,
शालू